दुसऱ्याच्या टोपलीतली अळंबी

तार्तूत नोव्हेंबरचे चार वाजले की दिवस संपतो.
विल्वे ग्रंथालयातून घरी येते,
ओले बूट वर्तमानपत्रावर ठेवते
आणि दुसरी लायब्ररी उघडते:
जावातली, छोटीशी,
भूकंपमापकांच्या जुन्या नोंदी वाचणारी.
ही आपल्या लिनक्समध्ये हवी, अशी कुणाची तरी मागणी.
मागणीला वर्ष झालं.

जार म्हणजे बरणी, नावातच आहे.
झाकण फिरवलं.
वर क्लास फायली, नीट चळतीत,
आणि तळाशी, लपवलेलं असं नव्हे,
नुसतंच राहून गेल्यासारखं
‘नेटिव्ह’ नावाचं एक फोल्डर.
त्यात आधीच बांधून ठेवलेले तीन तुकडे:
विंडोजचा, मॅकचा, लिनक्सचा.
सोर्स कुठेच नाही.
झाकली मूठ सव्वा लाखाची, खरंय,
पण इथे सव्वा लाखाला कुणी विचारत नाही.
मूठ उघड, म्हणतात.

विल्वेची आई व्होरूकडच्या रानातली.
तळघरात तिच्या बावीस बरण्या,
प्रत्येकीवर साल, आणि रान कोणतं ते.
दुसऱ्याच्या टोपलीतली अळंबी ती खात नाही.
पाद्र्याच्या टोपलीतलीसुद्धा.
‘माणूस चांगलाच आहे गं.
मी अळंबीबद्दल बोलतेय.’
सगळं सोर्सपासून बांधा, हा नियम
विल्वेने पुढे पुस्तिकेत वाचला, तेव्हा तिला हसू आलं.

तिने लिनक्सचा तुकडा चाळणीत धरला.
न वाचता येणाऱ्या चिखलात एक पत्ता चमकला:
आउरेलियोचं घर, त्यात प्रबंध,
त्यात ‘शेवटचा’,
त्यात ‘आता खरंच शेवटचा’.
कंपायलरने बिचाऱ्याचं घरदार आत ओढून घेतलं होतं.

सान हुआनहून नवव्या दिवशी उत्तर आलं.
ते यंत्र विकलं. डिस्क बहिणीकडे असावी,
शिवणयंत्राच्या खणात. रविवारी बघतो.

तीन रविवार गेले.
तोवर तिने बरणीची एक खोड मोडली:
सुरू होताच आतला तुकडा टेम्पमध्ये फेकायचा
आणि तिथूनच उचलायचा,
पाहुण्याने स्वतःची सतरंजी आणून
अंगणात पसरावी तसं.
आता तो सरळ सिस्टिमच्या शेल्फवर जातो.
शेल्फ तिला कळतात.

मग सोर्स आला. सी-मधल्या एकोणीसशे ओळी,
सातशे बाराव्या ओळीवर स्पॅनिशमध्ये टीप:
‘हे का चालतं माहीत नाही. हात लावू नका.’

इंटेलवर बांधलं, चाचण्या हिरव्या.
आर्मवर बांधलं, एक लाल.
तोच धक्का, तीच फाइल, वेळ वेगळी.
उर्मास म्हणाला, इंटेलचं खरं धर,
अकरा वर्षं सगळे तेच वापरतायत.
ती रात्रभर नोंदींचा मूळ नमुना वाचत बसली.
घड्याळाची दुरुस्ती एका बाइटात,
आणि त्या बाइटाला उणे चिन्ह धरायचं की नाही
यावर यंत्रांचं एकमत नाही.
एकशे सत्तावीसच्या पुढचा प्रत्येक आकडा
इंटेलवर शून्याखाली बुडत होता.
जिथे लाट उशिरा पोचली
तिथे ती लवकर पोचल्यासारखी दिसे,
आणि भूकंप डोंगराच्या पलीकडून
गुपचूप अलीकडे सरके.

लाल तेच खरं होतं.

दुरुस्ती एका शब्दाची.
पत्राला मात्र दोन संध्याकाळी लागल्या.
‘प्रिय आउरेलियो’ नंतर बराच वेळ
कर्सर लुकलुकत राहिला,
खाली कुणीतरी बर्फ खरवडत होतं.

बदलांच्या नोंदीत तिने एवढंच लिहिलं:
आतले तयार तुकडे काढले. सोर्सपासून बांधलं.
घड्याळाची दुरुस्ती आता सर्व यंत्रांवर सारखी.
सोर्स शोधून दिल्याबद्दल आ. यांचे आभार.

त्याचं उत्तर दोन ओळींचं:
तक्ता चार, म्हणजे. मला शंका होतीच.
बहीण खूश आहे, तिचा खण रिकामा झाला.